रकाना क्रमांक नऊ

विम्याचा फॉर्म इंग्रजीत असतो
आणि देवगडात इंग्रजी मी शिकवतो,
म्हणून शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर
शुभदा कोयंडे स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभी.
पिशवीत बोटीचे कागद, बँकेचं पुस्तक,
आणि मी नको नको म्हणत असताना
टेबलावर ठेवलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे.

एक ते आठ रकाने सोपे गेले.
बोटीचं नाव: रवळनाथ प्रसाद.
सहा सिलिंडर. जाळी किती, बर्फ किती, डिझेल किती.
नववा: काय घडले ते थोडक्यात लिहा.

"बुडली. लिवा, बुडली."
मी लिहिलं, सँक.
"आणि घोव पण बुडलो. तां खयं लिवतलास?"

पेन कागदावरून उचललं मी.

दर जूनला हे मी फळ्यावर लिहितो:
नाणं, नांगर, गलबत, यांना सिंक.
श्वास कोंडून मरतो त्याला ड्राउन.
मुलं उतरवून घेतात.
मागच्या बाकावरून तांडेलांचा निखिल विचारतो,
सर, आणि शाळा बुडवली तर?
वर्ग हसतो, मीही हसतो.
आमच्याकडे काय बुडत नाही?
दिवस बुडतो, भिशी बुडते,
सोसायटीची उधारी, एखाद्याचं अख्खं घराणं,
मोहोर गळला की हापूसचं वर्ष.
सगळं एकाच पाण्यात जातं,
कुणासाठी वेगळा शब्द काढून ठेवलेला नाही.

हे सगळं तिला सांगितलं नाही. थोडं सांगितलं.
टेबलावरची खडूची पूड बोटानं एका जागी गोळा करत
ती ऐकत राहिली.
"म्हणजे त्यांच्या मते होडी श्वास घेणा नाय?"
मी गप्प.
"रात्री मशीन बंद करून कदी बसलास होडयेत?
फळयो करकरतत. पोट वर येता, खाली जाता.
जावंदे. त्यांका काय म्हायत."

अडचण वेगळीच होती.
केबिनचं दार तांबळडेगच्या वाळूत लागलं होतं,
म्हणून बोटीला पुरावा होता.
लवूचं काहीच लागलं नव्हतं.
ड्राउन्ड लिहायला कुणीतरी बघितलेलं लागतं,
किंवा कुणीतरी सापडलेलं.
लॉस्ट लिहिलं असतं, पण तो शब्द मला नेहमी
छत्रीबद्दल वाटतो, पासबुकाबद्दल.
पोलिसांच्या कागदावर होतं: मिसिंग.
मी ते बोट ठेवून दाखवलं.

ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होती.
वाचता येत नव्हतं असं नाही, सातवीपर्यंत शिकलेली.
"सर, आमचा चेडू रात्रीचा मोबायलात लिवता,
मिस यू बाबा.
त्येच्याच नंबरार. जाता खयं कोण जाणे.
तां आणि ह्यां एकच?"

एकच, मी म्हटलं.
आणि वीस वर्षं हा विषय शिकवून
मला हे पहिल्यांदा दिसलं
की बेपत्ता असणं आणि आठवण येणं
ही माझी दोन खणांची पेटी
त्यांच्याकडे एकाच कप्प्याची आहे.
जो नाही त्याचं नसणं
आणि जी आहे तिचं झुरणं, एका क्रियापदात.

"मग ह्यां लिवा."

मी सांगितलं तिला, सांगायलाच हवं होतं:
असं लिहिलं तर त्याच्या विम्याचे पैसे लांबतात,
सात वर्षंसुद्धा थांबायला लावतील.
तिनं बोटांवर मोजलं.
"मिताली एकवीस वर्सांची जातली," म्हणाली.
एवढंच. हो की नाही ते म्हणाली नाही.

मी लिहिलं.
हात थोडा वाकडा गेला, जीचं शेपूट खालच्या ओळीत उतरलं.
तिनं सही केली, मराठीत, पूर्ण नावानं,
मधलं नाव लवू.

दोन चाळीसची एसटी धरायची म्हणून ती निघाली.
खडूची ती छोटी ढेप तिथंच राहिली,
आणि बांगड्यांचा वास सोमवारपर्यंत
नववी ब च्या हजेरीपटाला.